दोनशे रुपयांचा न्याय

(कुरुळी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



बारा लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर प्राप्तिकर द्यावा लागणार नाही, अशी घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तेव्हापासून एक समज पद्धतशीरपणे रुजविला जात आहे. मूठभर प्राप्तिकरदाते हा देश चालवितात आणि बाकीचे कोट्यवधी लोक त्यांच्या जिवावर जगतात, असा तो समज आहे. तो सुशिक्षित मध्यमवर्गात तर आहेच. पण ज्यांच्यावर त्याने अन्याय होतो, त्या कामगारांच्या मनातही तो शिरू लागला आहे. ‘आम्ही कुठे टॅक्स भरतो?’ असे कंत्राटी कामगार स्वतःच म्हणू लागला, की त्याचा हक्काचा आवाज निम्मा झालाच म्हणून समजावे.

हा समज तपासायला कुरुळीइतकी योग्य जागा नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचे, चाकणच्या अलीकडचे हे खेड तालुक्यातील शेतीचे गाव पाहता पाहता भाड्याच्या खोल्यांचे गाव झाले. येथे राहणाऱ्या कामगाराचे पगारपत्रक हाती घेऊन वाचावे. भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा यांची कपात त्यात असते. परंतु ते कर नव्हेत. तो पैसा या ना त्या रूपाने कामगाराकडे परत यावयाचा असतो. त्याखाली ‘पी. टी.’ अशी दोन अक्षरे आणि त्यांच्यासमोर दोनशे रुपयांचा आकडा असतो. फेब्रुवारीत तो तीनशे होतो. हा महाराष्ट्र राज्याचा व्यवसाय कर होय. वर्षाकाठी तो अडीच हजार रुपये भरतो. तो श्रमाच्या मोबदल्यावर सरळ बसविलेला प्रत्यक्ष कर आहे आणि प्राप्तिकरातून सुटलेला कामगार त्यातून सुटलेला नाही.

या कराची रचना पाहावी. पुरुष कामगाराचे मासिक वेतन साडेसात हजारांपर्यंत असेल तर कर नाही. तेथून दहा हजारांपर्यंत दरमहा १७५ रुपये. आणि दहा हजारांच्या वर कितीही वेतन असो, वर्षाला २,५०० रुपये. ‘कितीही’ या शब्दातच सारा अन्याय साठलेला आहे. महिना पंधरा हजार मिळविणारा कंत्राटी कामगार आणि त्याच कारखान्यात महिना अडीच लाख घेणारा अधिकारी, दोघेही सारखाच कर भरतात. कामगाराच्या वार्षिक उत्पन्नाचा तो सुमारे १.४ टक्के होतो, तर अधिकाऱ्याच्या उत्पन्नाचा ०.०८ टक्के. महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे धरले, तर कामगाराला या करासाठी चार दिवसांहून अधिक राबावे लागते. अधिकाऱ्याचे काम दोन तासांत भागते. शिवाय प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत ही रक्कम करपात्र वेतनातून वजा होते. म्हणजे त्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्याला तिच्यातील काही भाग परत मिळतो. ज्याला प्राप्तिकर लागूच नाही, त्याला या सवलतीचा उपयोग शून्य!

करदानक्षमतेचे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. २४ फेब्रुवारी १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतसारा आणि प्राप्तिकर यांची तुलना केली होती. प्राप्तिकरात उत्पन्न नसेल तर कर नाही, अल्प उत्पन्नाला सूट आणि वाढत्या उत्पन्नाला वाढता दर. शेतसारा मात्र उत्पन्न किती हे न विचारता लहानमोठ्या प्रत्येक शेतकऱ्यावर, हा भेद त्यांनी सरकारपुढे मांडला. जवळजवळ शंभर वर्षांनंतर तोच प्रश्न व्यवसाय कराबाबत विचारावा लागतो. एकरी सारा गेला आणि त्याच्या जागी डोईचा सारा आला, एवढाच काय तो फरक.

मग हा कर रद्दच करावा काय? समाजवादी कार्यकर्त्याने येथे घाई करू नये. या कराचा जन्म लज्जास्पद नाही. उलट तो अभिमान वाटावा असा आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर राबविली गेली. मागेल त्याला काम देण्यासाठी कायमचा पैसा हवा होता. म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पगारदाराने दिलेल्या कराइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी योजना होती. शहरात ज्याला नोकरी आहे त्याने, खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी आपल्या घासातला घास काढून ठेवावा, हा त्यामागचा बंधुभाव होता. त्या बंधुभावाला नख लावण्याचे कारण नाही. मराठवाड्यातून वा विदर्भातून कुरुळीत आलेल्या कामगाराचा भाऊ अजून गावीच आहे, हे विसरता येणार नाही.

प्रश्न आहे तो या बंधुभावाचा भार कोणी किती उचलायचा, हा. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराला कमाल मर्यादा घातली आहे. मुळात ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तेथेच थांबली. राज्याला मोठ्या पगारावर यापेक्षा एक रुपयाही अधिक घेता येत नाही. त्यामुळे उत्पन्न वाढवायचे तर मर्यादेच्या खालच्या थरांतूनच वाढवावे लागते. वेतनाचे आकडे महागाईबरोबर फुगतात, त्यांची खरेदीशक्ती तितकी वाढत नाही; आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या पायऱ्यांमुळे तळातला कामगारही आपोआप सर्वोच्च दराच्या खाली येऊन उभा राहतो. चाकणच्या पट्ट्यात पूर्ण महिना भरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पुरुष कामगाराचे हेच झाले आहे.

हे बदलता येत नाही, असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्राने स्त्रियांना पंचवीस हजारांपर्यंतच्या मासिक वेतनावर व्यवसाय कर माफ केला. ते योग्यच झाले. परंतु त्याच सुमारास कर्नाटकाने ही मर्यादा सर्वांसाठीच पंचवीस हजार केली. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश येथे तर हा करच नाही. एका कर्त्या पुरुषाच्या पंधरा हजारांवर चालणारे कुटुंब महाराष्ट्रात करपात्र ठरावे आणि शेजारच्या राज्यात ठरू नये, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करणार?

‘दोनशे रुपयांत काय आहे?’ असे म्हणणारे भेटतील. त्यांना अप्रत्यक्ष करांची यादी ऐकवावी. मोबाइलच्या रिचार्जवर अठरा टक्के, गॅसच्या टाकीवर पाच टक्के, २०२२ पासून वेष्टनबंद धान्यावरही पाच टक्के, पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर. घरमालकाची घरपट्टीही शेवटी खोलीच्या भाड्यातच मिसळते. हे सारे देऊन झाल्यावर वरचे दोनशे आहेत. याच काळात वरच्या बाजूला काय झाले? १९८५ साली मृत्युकर गेला, २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्ती कर गेला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर बावीस टक्क्यांपर्यंत, नव्या कारखान्यांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत खाली आला. संपत्तीला सूट आणि श्रमाला कपात, हे आजच्या करनीतीचे सार आहे.

रोजगार हमीचा प्रश्नही पुन्हा पेटणार आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांच्या माथी खर्चाचा चाळीस टक्के वाटा आला आहे. राज्याला पैसा लागेल आणि तो शोधताना सरकारची नजर प्रथम पगारपत्रकाकडे वळेल. म्हणूनच भूमिका आजच स्पष्ट हवी.

मागण्या तीन आहेत. पंचवीस हजारांपर्यंतच्या वेतनावरील माफी स्त्री-पुरुष भेद न करता सर्वांना मिळावी. २७६ व्या अनुच्छेदात दुरुस्ती होऊन कमाल मर्यादा ठोक रकमेऐवजी उत्पन्नाच्या प्रमाणात ठरावी. म्हणजे खालच्या थरातून गेलेले उत्पन्न वरच्या थरातून भरून निघेल. आणि व्यवसाय करातून किती पैसा आला व त्यातला किती मजुराच्या हाती गेला, याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे यावा.

काम मात्र उद्यापासून सुरू करता येईल. खोल्याखोल्यांतून जाऊन पगारपत्रके गोळा करावीत. पंचवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्री कामगाराकडून हा कर कापला जात असेल, तर ती कपात बेकायदेशीर आहे. ती परत मागावी. कंत्राटदाराने कापलेला पैसा सरकारात भरला काय, ते विचारावे. एवढे जरी झाले, तरी कामगाराला आपण करदाते आहोत हे कळेल. जो कर देतो तो हिशेब मागतो. आणि हिशेब मागणारा माणूस कोणाच्या जिवावर जगत नसतो.