घरी बांधलेल्या मोटारीला इंजिन कोणते?



मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडात सिद्धनाथाचा रथ निघतो. तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. उभा रथ जागचा हलवायला जो जोर लागतो, तो चालत्या रथाला लागत नाही. दोराला हात घालणारी माणसे आधी अक्षरशः जमिनीकडे झुकतात. एकदा चाक फिरले की तीच माणसे चालत ओढतात, आणि मग काळजी उरते ती आवरण्याची. आज बोलायचे आहे ते मोटारीच्या इंजिनाविषयी, पण ओढणे, धावणे आणि आवरणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, एवढे आधी मनात धरून ठेवा.

विषय निघाला तो असा. मी यंत्रकामाचा शिक्षक. माणदेशातला माझा एक जुना विद्यार्थी, आता गॅरेजात हाताखाली काम करणारा, एके दिवशी वडिलांना घेऊनच माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मला स्पोर्ट्स कार बांधायची आहे. दोन माणसांची, बुटकी. सांगाडा मी वेल्डिंग करून उभा करतो. इंजिन तुम्ही सांगा." वडील मेंढरे राखणारे. ते इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, पोरगं येडं झालंय म्हना. पर हात चांगलं हायती त्याचं. बकरी इकून ऐंशी हजार ठेवल्यात. त्यातलं इंजिनाला किती पैकं जात्याल, तेवढं सांगा."

आता, श्रोतेहो, हसण्यासारखे यात काही नाही. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, दत्तात्रय लोहार या कारागिराने भंगारातल्या वस्तू जमवून चार चाकांची लहानशी जीप केली आणि तिला दुचाकीचे इंजिन बसवले. मोटारसायकलसारखी किक मारून ती सुरू होई. २०२१ च्या डिसेंबरात तिची बातमी देशभर गेली आणि पुढच्याच महिन्यात महिंद्र समूहाने तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. पण त्या कौतुकातच एक वाक्य होते, ते लोक विसरतात. ही गाडी नियमांत बसत नाही, हे आनंद महिंद्रांनी तेव्हाच स्पष्ट लिहिले होते.

तेव्हा कायद्याचे आधीच सांगून मोकळा होतो. रस्त्यावर येणाऱ्या मोटारीचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेने तपासून मान्य करावा लागतो. घरी बांधलेल्या एकट्यादुकट्या गाडीला ते व्यवहारात जमत नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे कुणाला धक्का लागला तर घर विकावे लागेल. म्हणून ही गाडी स्वतःच्या रानात, मालकाच्या परवानगीने मोकळ्या माळावर, किंवा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर चालवायची. म्हसवड–पंढरपूर रस्त्यावर नाही. हे मुलाने कबूल केले, तेव्हा मी खडू हातात घेतला.

शिक्षक मित्रांना एक उदाहरण आवडेल. इंग्लंडात औंडल नावाच्या शाळेत रॉन चॅम्पियन हे शिक्षक होते. जुन्या फोर्ड मोटारीचे इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस काढून, चौकोनी नळ्यांच्या सांगाड्यात ते बसवून स्वस्तातली स्पोर्ट्स कार कशी करावी, हे त्यांनी दाखवले आणि १९९६ साली त्यावर पुस्तकही लिहिले. नमुना होता १९५७ च्या लोटस सेव्हन गाडीचा. तिचा कर्ता कॉलिन चॅपमन. त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर असे, की गाडी हलकी करा.

इंजिनाकडे वळू. आपल्याकडे पहिला विचार सुचतो तो विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा. किर्लोस्करवाडीच्या मुलखातली माणसे आपण! पण पाच अश्वशक्तीचे ते इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेते, जड चाक फिरवत दिवसभर पाणी ओढते, आणि त्याच कामासाठी ते जन्मले आहे. ओढण्यात तो बैल आहे, बैलाला शर्यतीचा घोडा करू नका.

दुसरे टोक मोटारसायकलचे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० चे जुने ३७३ घनसेंटिमीटरचे इंजिन ४३ अश्वशक्ती देते, आणि अभियांत्रिकीची मुले शर्यतीसाठी ज्या छोट्या गाड्या बांधतात त्यांत ते पुष्कळदा दिसते. आमच्या विद्यार्थ्याचे मन तिथेच अडकले होते. पण ती शक्ती मिळते मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांवर. खालच्या फेऱ्यांत जोर बेताचा, क्लच दीडदोनशे किलोच्या मोटारसायकलपुरता, उलटा गिअर नाही, साखळीपुढे डिफरन्शियल आपणच जमवायचे. कॉलेजच्या गाडीला हे चालते, कारण ती फार हलकी असते आणि ढकलायला वीस मुले असतात. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने असेच महागडे इंजिन घेतले. ते तीन वर्षे ताडपत्रीखाली आहे, कारण उरलेल्या गाडीला पैसे राहिले नाहीत. माझा ठोकताळा असा, की इंजिनाला हातातल्या पैशाचा चौथा हिस्सा. ब्रेक, सुकाणू आणि टायर यांना त्याहून जास्त.

नॅनोचे इंजिन वाईट नाही. ६२४ घनसेंटिमीटर, दोन सिलिंडर, ॲल्युमिनिअमचे, आणि गिअरपेटीसह मागेच बसणारे. पण त्याच्या वायरिंगचा आणि नियंत्रक पेटीचा गुंता सुटला पाहिजे. जिप्सीचे १३०० चे इंजिन उत्तम. सोळा झडपांच्या प्रकारात ८० अश्वशक्ती. रॅलीवाल्यांचे ते लाडके, म्हणून चांगले मिळणे अवघड आणि भाव चढा.

राहिले ते मारुती ८०० आणि ओम्नीचे इंजिन, आणि माझे मत त्यालाच. १९८३ च्या डिसेंबरात ही मोटार आली, २०१४ पर्यंत निघत राहिली. ओम्नी २०१९ पर्यंत. हे इंजिन ज्याने उघडले नाही असा फिटर सातारा-सांगलीत विरळा. देशातल्या फॉर्म्युला मारुती या शर्यतीच्या गाड्यांतही हेच धावत असे. वर्गात गणित घाला: सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७२ मिलिमीटर, सिलिंडर तीन. मुलांना ७९६ घनसेंटिमीटर हे उत्तर मिळेल. शक्ती जुन्या प्रकारात ३७ अश्वशक्ती.

"फक्त सदतीस?" मुलाचा चेहरा उतरला. मग दुसरे गणित मांडले. मूळ मोटार साधारण ६५० किलो, चालवणारा ७० किलो, मिळून ७२०. म्हणजे टनाला ५१ अश्वशक्ती. तुझी गाडी ४५० किलोत बसली, तर माणसासह ५२०, म्हणजे टनाला ७१. मूळ मोटारीत तेवढा चपळपणा आणायचा तर इंजिन ५१ अश्वशक्तीचे करावे लागले असते. दोनशे किलो कमी केले की चौदा घोडे फुकट मिळाले, आणि ते पेट्रोलही पीत नाहीत. वडिलांना हे चटकन पटले. "व्हय, वझं कमी तर जनावर पळतंय," म्हणाले.

ओम्नीतले इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि दांड्याने मागची चाके फिरवते. म्हणून ते इंजिन, त्याची गिअरपेटी, दांडा आणि मागचा आस असा सगळा संच एकाच गाडीचा घ्यावा. ८०० मधले आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. ते आसनामागे बसवता येते, पण काम अधिक कठीण. ओम्नीच्या गिअरची बांधणी ओझ्यासाठी आहे, तेव्हा गाडी झटकन उठेल पण फार वेगाने पळणार नाही. माझ्या मते तेही बरेच.

भंगारातून घेताना पावती आणि इंजिन नंबर घ्या, चोरीचा माल नको. चालू इंजिन ऐका, आणि ऐकून भुलू नका. तिन्ही प्लग काढा, बॅटरी भरलेली ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने पाच-सहा फेरे द्या आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. तिन्हींत एखाद्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर संशय घ्या. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा गेल्या. तेवढाच राहिला तर झडप बसत नाही किंवा हेडचे गॅस्केट फुटले आहे. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने पुढचे कित्येक हजार वाचतात. घेतल्यावर टायमिंगचा पट्टा, पाण्याचा पंप आणि तेलाची सिले यांना न विचारता नवी घाला.

आता ट्यूनिंग. तरुण मुलांना वाटते, एअर फिल्टर काढला आणि सायलेन्सर कापला की झाले ट्यूनिंग. मीही एकेकाळी हेच केले. आवाजासाठी मोटारसायकलचा फिल्टर काढून उन्हाळाभर माणदेशातल्या फुफाट्यातून हिंडलो. दिवाळीपर्यंत निळा धूर निघू लागला. सिलिंडर उघडला तर आत पॉलिश कागदाने घासावे तशा रेघा. आपली धूळ म्हणजे बारीक वाळूच आहे, आणि ती ऑइलात मिसळली की इंजिन स्वतःलाच घासते. फिल्टर मोठा घाला, काढू नका.

खरे ट्यूनिंग म्हणजे आधी कंपनीने दिलेली स्थिती परत आणणे. झडपांच्या फटी कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे फीलर गेजने लावा, मग ठिणगीची वेळ, मग कार्ब्युरेटर, या क्रमाने. फट चुकीची ठेवून कार्ब्युरेटर पिळत बसणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे.

कार्ब्युरेटरची आजची एक नवीच अडचण आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटमधून पूर्वीइतकेच इंधन आले तर ते सात-आठ टक्के कमी पडते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. तेव्हा मुख्य जेट एक पायरी मोठा घालून पाहा. मग गाडी भाराखाली पळवून लगेच बंद करा आणि प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी रंग चांगला, पांढरट म्हणजे इंधन कमी, काजळी म्हणजे जास्त. हल्लीच्या पेट्रोलवर रंग फिका उमटतो, म्हणून उजेडात नीट पाहावे. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि फुटतात; त्या बदला, नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकेल. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते.

ठिणगी थोडी आधी पाडली तर जोर वाढतो, पण चढावर खडखड ऐकू आली की लगेच मागे घ्या. ती खडखड म्हणजे दट्ट्यावर बसणारे घाव. हेड लेथवर घासून दाब वाढवणे हा पुढचा उपाय. समजा दाबाचे प्रमाण नऊ आहे. अर्धा मिलिमीटर घासले तर फार तर साडेनऊच्या जवळ जाईल, एक-दोन घोडे मिळतील आणि एप्रिलच्या उन्हात इंजिन अधिक तापेल. मी त्याला नको म्हटले. त्याऐवजी रेडिएटर समोर मोकळ्या वाऱ्यात आणि त्याला विजेचा पंखा, यावर पैसे घाल.

आणि सांगाड्याला चाके लागली की इंजिनाच्या आधी ब्रेक. दोघातिघांनी गाडी ढकलायची आणि चालकाने थांबवायची. थांबली तरच पेट्रोल भरायचे.

परवा मुलाचा निरोप आला. कऱ्हाडकडे एक ओम्नी मोडीत निघाली आहे, इंजिन चालू आहे, आणि मालक कागद द्यायला तयार आहे. रविवारी बापलेक जाणार आहेत. वडिलांनी विचारले, "गुरुजी, तुमी येता का?" मी म्हटले, दाब मोजायचे गेज पाठवतो. आकडे तिन्ही लिहून आणा, पैसे त्यानंतर मोजा.