जुन्या जीपला रुंद टायर?

भोर-वेल्ह्याच्या घाटरस्त्यांवर जुनी जीप हौसेनं जपणाऱ्याला रुंद टायरचा मोह पडतोच. विलीज जीप 6.00-16 मापाच्या टायरवर चाले. म्हणजे रुंदी जेमतेम सहा इंच. त्याजागी नऊ इंची टायर चढवला की पकड दीडपट होईल, असं वाटतं. तसं होत नाही. गाडीचं वजन आणि टायरमधल्या हवेचा दाब तोच राहिला, तर जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ साधारण तेवढंच राहतं. फक्त ते आडवं पसरतं. वरंधा घाटातल्या पावसात हा तोटाच, कारण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते जमलं नाही की चाक पाण्यावरूनच घसरत जातं.

चिखलात तरी रुंदच बरा, असं कुणी म्हणेल. तळ न लागणाऱ्या चिखलात, हवा कमी करून, खरंच बरा. पण हिरडस मावळातल्या कच्च्या वाटांवर चिखलाखाली कठीण मुरूम लागतो, तिथं अरुंद टायर चिखल कापून तळ गाठतो. कोरड्या वळणावर रुंद टायर सरस, हेही मान्य. मात्र पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत त्याचा भार चालवणाऱ्याच्या दंडांवर येतो, आणि चाक बाहेर काढणारी रिम बेअरिंगवर जादा ताण टाकते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, ते वेगळंच. तेव्हा रिम घेण्याआधी तिचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, मूळ रिमशी ताडून पाहा, आणि रुंदी वाढवायचीच तर जेमतेम एका मापानं वाढवा.