सामान्यज्ञान : उत्तर आणि पडताळणी



सामान्यज्ञानातील काही उत्तरे कायमची असतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

काही उत्तरे मात्र बदलतात. २००६ साली प्लुटो वगळला गेला आणि नऊ ग्रहांचे आठ झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ठाणे जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी मुरबाड, शहापूर यांसह सातच उरले.

धसईचेच उदाहरण घ्यावे. राज्यातील पहिले रोकडविरहित गाव कोणते? १ डिसेंबर २०१६ रोजी धसईचे नाव जाहीर झाले. हे उत्तर पाठ करणे सोपे आहे. परंतु आज येथील बाजारात किती व्यवहार रोकडीविना होतात, हे पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांनी दुकानोदुकानी जाऊन विचारले पाहिजे.

जुने उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा एक गुण जातो. जुन्या माहितीवर ठराव करणाऱ्या पंचायतीचे नुकसान साऱ्या गावाला सोसावे लागते. म्हणून शाळेच्या फळ्यावर आणि पंचायतीच्या दप्तरात माहितीसोबत ती कोणत्या वर्षाची, हेही लिहिले जावे.