एकादशीची भगर आणि आपली पंगत
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेले भाषण)



येत्या आषाढीला सगळ्या सोसायटीचा फराळ एकत्र करायचं ठरलंय. फार छान! आपल्यातलाच एक डॉक्टर म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलंय, तर भगरीबद्दलच बोलतो.

२० फेब्रुवारी २०२४, एकादशी. बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताह चालू होता. प्रसादाला भगर-आमटी होती. ती खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली. दोनशेहून जास्त माणसं आजारी! बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना, तेव्हा बाहेर झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लटकवावं लागलं. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातल्या कोष्टवाडीतही भगर-आमटीनंतर असंच घडलं.

आपल्याला वाटतं, उपवासाचं म्हणजे शुद्धच. पण भगर दमट जागी राहिली की तिला ॲस्परजिलस जातीची बुरशी लागू शकते. ही बुरशी विष तयार करते. दाणा बारीक, त्यामुळे ती सहज दिसत नाही. शिजवल्यावर बुरशी मरते, पण तिनं आधीच केलेलं विष उकळूनही पुरतं जात नाही. पीठ ओलावा लवकर धरतं, म्हणून भगरीचं सुटं पीठ जास्त धोक्याचं.

घरची भगर बाधली तर एक घर आजारी पडतं. पंगतीची बाधली तर एका रात्रीत सगळ्या विंग घाटीत!

म्हणून समितीला माझी विनंती:

भगर पाकीटबंद घ्या, तारीख बघा, बिल आणि रिकामी पाकिटं जपून ठेवा. दळून आणलेलं पीठ नको. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ड्रममध्ये साठवलेलं पाणी हात धुवायला ठेवा, प्यायला आणि स्वयंपाकाला उकळून घ्या. शिजवल्यापासून दोन तासांत गरम गरम वाढा. उरलेली भगर बारशीला कुणाला वाटू नका. प्रत्येक पदार्थाचा एक डबा झाकून दोन दिवस फ्रिजमध्ये राहू द्या. काही झालंच, तर कशानं झालं ते तपासता येईल.

आणि कुणाला त्रास झालाच, तर लपवू नका. ओआरएस सुरू करा. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना लगेच दवाखान्यात न्या.

सोमठाण्यातली माणसंही आपल्यासारखीच भक्तिभावानं पंगतीला बसली होती. भाव हवाच, पण पातेल्यावर लक्षही हवं.

एवढं बोलून माझे दोन शब्द संपवतो. रामकृष्ण हरी!