नांगर विकणाऱ्याचं हायस्कूल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटली, की फाटकाबाहेर चहाच्या गाड्यांभोवती गर्दी होते. त्यात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं बरीच. 'किती शिकलास?' विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं, 'दहावी. मग कामाला लागलो.' काम आणि शाळा यांपैकी एकच मिळणार, हे त्यांनी धरूनच टाकलेलं असतं. म्हणून आज साताऱ्याच्या एका हायस्कूलविषयी बोलणार आहे. तिथं काम केलं की शिकायला मिळायचं.

महाराजा सयाजीराव हायस्कूल. रयत शिक्षण संस्थेनं ते १९४० साली सुरू केलं. कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाढीतला फोटो आपण शाळाशाळांतून पाहतो. पण हा माणूस पूर्वी किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडला होता, ओगल्यांच्या काचकारखान्याचं कामही त्यानं केलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. मला वाटतं, नांगर घेऊन शेतकऱ्याच्या दारात उभं राहिल्यामुळंच त्यांना उमगलं असावं, की या घरात पोरगं हुशार आहे, फी मात्र नाही. फी नसली तरी दोन हात आहेत. मुलांनी शेतात, बागेत राबायचं आणि त्या श्रमावर शिकायचं. 'कमवा आणि शिका' ते हेच.

याची पायाभरणी आधीच झाली होती. १९२४ साली साताऱ्यात अण्णांनी वसतिगृह काढलं. सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीला. मी मुसलमान, मराठीत कविता लिहितो. त्या पंगतीचं मोल मला जरा जास्तच कळतं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. घरात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या. हायस्कूल त्यांना बघायला मिळालं नाही.

गांधीजींच्या हत्येनंतर अण्णांनी त्यांच्या नावानं एकशे एक हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला. त्याच १९४८ साली मुंबई सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं. लोकांनी धान्य दिलं, पैसे दिले, गाडगेबाबा पाठीशी उभे राहिले. पुढं अनुदानही सुरू झालं. १९५९ मध्ये अण्णा गेले तेव्हा संस्थेची शंभरावर हायस्कुलं उभी होती. रयतेच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पोरांना राबवणं चांगलं, असं कुणी यातून काढू नये. बालमजुरीत घाम पोराचा आणि नफा दुसऱ्याचा. साताऱ्यात घाम पोराचा आणि पुस्तकही त्याचंच.

आमच्या चिंचोळीत शेत नाही, वसतिगृह नाही. पण बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून, डब्याच्या पिशवीत पुस्तक घालून येणारी पोरं आहेत. त्यांना परीक्षेच्या महिन्यात रात्रपाळी लावू नका, एवढं तरी कारखानदार मंडळींना आणि ठेकेदारांना जमेल ना?