हातातले कसब झाकून ठेवू नका
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. शाळा सातवीला सुटली. पुढचे वाचन झाले ते रातपाळी संपल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावे. मला विषय दिलाय, 'तरुणांनी हातचा धंदा शिकावा'. पण मी आज तरुणांपेक्षा शिकविणाऱ्यांशी, म्हणजे माझ्यासारख्यांशीच बोलणार आहे.

आपल्या वाडवडिलांना मुंबईच्या गिरण्यांत काम मिळाले, पण साचेखात्याचे दार त्यांना बंद होते. धोट्यात नवीन बाबीन घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. आपल्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. आणि जास्त पगार तर साचेखात्यातच! १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. यातून मी एक गोष्ट शिकलो. माणसाला काम नाकारून गरीब ठेवता येते, तसेच काम देऊन पण कसब न देऊनही गरीब ठेवता येते.

मी १९८९ साली गिरणीत बदली म्हणून लागलो. पुढे सुतारखात्यात हेल्पर झालो. तिथला मिस्त्री हाताचा पक्का, पण पटाशीला धार लावायला बसला की आमच्याकडे पाठ करायचा. मी चोरून बघून बघून शिकलो. गिरणी बंद पडली तेव्हा त्या चोरलेल्या विद्येवरच घर चालले. उपनगरातल्या एका कारखान्यात लागलो. तिथे गिऱ्हाईकाच्या मापाने दारे, कपाटे, पलंग बनतात. पाच-सहा वर्षांत मीच मिस्त्री झालो.

मग माझ्या हाताखाली एक पोरगा आला. अठरा वर्षांचा, आपल्याच वस्तीतला. त्याला मी काय शिकवले? सहा महिने भुसा झाडायला लावला, चहा आणायला लावला, फळीचे दुसरे टोक धरायला लावले. त्याने विचारले, "काका, रंध्याचं पातं केवढं बाहेर काढायचं?" तर मी म्हणायचो, "बघून शिक. आम्हाला कुणी शिकवलं होतं?"

म्हणजे मित्रांनो, ज्या मिस्त्रीचा मला राग होता, तोच मिस्त्री मी झालो होतो. भाषणात समतेच्या गोष्टी आणि कामावर ही तऱ्हा!

एके दिवशी मी माप घ्यायला बाहेर गेलो होतो. ऑर्डरची घाई होती. पोराने गोल करवतीच्या मशीनवर अरुंद पट्टी कापायला घेतली. अशी पट्टी हाताने ढकलायची नसते, लाकडी दांडीने ढकलायची असते. आपण पात्याच्या रेषेत उभे राहायचे नसते, कारण लाकूड उसळून मागे येते. मला हे सगळे ठाऊक होते. त्याला मी सांगितले नव्हते. दोन बोटांची टोके गेली.

दवाखान्यात तो मला म्हणाला, "काका, मला वाटलं, एकदा करून दाखवलं तर तुम्ही शिकवाल."

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मालक म्हणाला, पोरगा आमच्या मस्टरवर नाही. खरेच नव्हता. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. त्यात सुतारकाम येते. रीतसर करार करून तो नोंदवायचा असतो, आणि शिकताना अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी मालकावर असते. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसे असतील तिथे शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, पण चार माणसांच्या कारखान्यालाही घेता येतात. आमच्याकडे सहा होती. कुणी विचारलेच नाही. गेटवर कायद्याची भाषणे ठोकणाऱ्या मीही नाही. शेवटी भांडून दवाखान्याचा खर्च तेवढा मिळवला.

पोरगा दोन महिन्यांनी परत आला. तेव्हापासून मी सुरुवातीपासून शिकवायला घेतले. पहिला महिना फक्त धार. सागाच्या लाकडात वाळूसारखा बारीक अंश असतो, त्याने पाते लवकर बोथट होते. बोथट पात्याला जोर जास्त लागतो, आणि जोर लावला की हात निसटतो. म्हणून धार म्हणजे निम्मी सुरक्षितता. मग लाकूड ओळखणे. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दाराची मधली फळी खाचेत मोकळी ठेवायची, सरसाने चिकटवायची नाही. मग सांधा. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. बिघडवायला टाकाऊ तुकडे दिले. मशीन सगळ्यात शेवटी, आणि मी शेजारी उभा राहून. प्रत्येक गोष्टीबरोबर 'का' ते सांगितले. जुने मिस्त्री 'असं कर' म्हणायचे, 'का' सांगत नसत. 'का' समजले की माणूस गुलाम राहत नाही.

आज तो स्वतः मिस्त्री आहे. त्याच्या मशीनशेजारी खिळ्याला एक लाकडी दांडी टांगलेली असते. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी तो ती त्याच्या हातात देतो.

तर ज्यांच्या हातात कसब आहे, मग ते वायरमन असोत, गवंडी असोत की शिवणकाम करणाऱ्या भगिनी, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. शिकवा, कारणासकट शिकवा, आणि पोरांचा करार कागदावर करून घ्या. पोरांनो, तुम्हीही विचारायला लाजू नका. आपल्यापुढे दारे बंद झाली ती इतरांनी केली. निदान आपल्या हाताने तरी ती बंद करू नका.

 जयभीम.