चाचणी कोणाची, आणि कारण कोणते?



अधिवेशनाच्या अध्यक्षाने शास्त्राच्या प्रगतीचा आढावा घ्यावा आणि वेळेत खाली बसावे, असा प्रघात आहे. प्रगतीसाठी उद्याची सगळी सत्रे राखून ठेवली आहेत. मी बोलणार आहे ते करोनाकाळातल्या चाचण्यांच्या सरकारी आदेशांबद्दल. तेव्हा ते आपण प्रयोगशाळेतल्या माणसांनी रात्री-अपरात्री मोबाइलवर वाचले, सकाळी पाळले आणि नवा आदेश आला की जुना विसरलो. आज ते ओळीने वाचले तर वेगळेच काही दिसते.

मार्च 2020च्या सुरुवातीला चाचणी कोणाची होत होती? परदेशातून आलेल्याची किंवा बाधिताच्या संपर्कात आलेल्याची, तीही लक्षणे असतील तर. ज्याने विमानतळाचे तोंड पाहिले नाही, त्याला न्यूमोनिया झाला तरी स्वॅब नाही. 20 मार्चला निकष रुंदावला आणि श्वसनाच्या तीव्र विकाराने दाखल झालेल्या सर्वांची चाचणी करायची ठरली. असे रुग्ण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआरने) त्याआधीपासून तपासायला घेतले होते. 15 फेब्रुवारी ते 2 एप्रिल या काळातल्या 5911 रुग्णांत 104 बाधित निघाले. त्यांतल्या 40 जणांनी ना परदेशप्रवास सांगितला, ना कोणा बाधिताशी संपर्क. जुन्या निकषाच्या चाळणीतून हे चाळीसही जण निसटले असते.

निकष कडक होता याबद्दल माझी तक्रार नाही. किट मोजकी, लॅब मोजक्या, सुरुवातीला पक्क्या निदानासाठी सगळ्यांचे डोळे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे. अशा वेळी वाटप करावेच लागते. माझी तक्रार भाषेबद्दल आहे. ‘किट कमी आहेत, म्हणून तुमची चाचणी आज करता येत नाही’ हे एक वाक्य, आणि ‘तुम्हाला चाचणीची गरज नाही’ हे दुसरे. पहिले ऐकणारा माणूस घरी जाऊन निदान वेगळ्या खोलीत झोपेल. खोली नसेल तर तोंडाला रुमाल तरी बांधेल. दुसरे ऐकणारा निर्धास्त होतो. आदेशांत टंचाई आणि शास्त्र एकाच शाईने लिहिले गेले, आणि काउंटरवर ते दुसरे वाक्य आपल्या टेक्निशियनच्या तोंडी आले.

मुंबईत तर चाचणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागे. ती अट 7 जुलै 2020ला गेली. त्याआधी जूनमध्ये पॉझिटिव्ह रिपोर्ट लॅबने थेट रुग्णाला न देता आधी महापालिकेला कळवायचा, असा नियम होता. खाटांचे नियोजन करता यावे हा हेतू मी समजू शकतो. पण नाक ज्याचे, घशात काडी ज्याच्या गेली, त्यालाच निकाल शेवटी कळावा? रुग्णाला रिपोर्ट द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

दराचेही असेच. खासगी लॅबसाठी 4500 रुपयांची मर्यादा मार्च 2020मध्ये ठरली. जूनमध्ये महाराष्ट्राने ती रुग्णालयातून घेतलेल्या नमुन्यासाठी 2200वर आणली, आणि 2021च्या मार्चअखेरीस ती 500 झाली. पुण्याच्या मायलॅबचे किट आले, गोव्यात वेर्ण्याला क्षयरोगासाठी बनणारे ट्रूनॅट यंत्र या कामी लागले, स्पर्धा वाढली. हे श्रेय उद्योगाचे आहे आणि ते द्यायला हवे. ज्याने पहिल्या तिमाहीत घरातल्या पाच जणांचे पैसे भरले, त्याला मात्र या आलेखाचे कौतुक सांगू नका.

आता अँटिजेनकडे येतो. 14 जून 2020ला आयसीएमआरने या चाचणीला मान्यता दिली, तेव्हा त्याच कागदावर लिहिले होते की तिची संवेदनशीलता 50.6 ते 84 टक्के आहे, आणि लक्षणे असलेल्या माणसाचा निकाल निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर करावीच. इतका स्वच्छ आदेश त्या काळात विरळा. पण फलकावर आकडा एकच लागे, ‘आजच्या एकूण चाचण्या’. दोन वेगळ्या वजनांची मापे एकाच तागडीत पडली.

त्याचा कळस जून 2021मध्ये झाला. राज्याने निर्बंध उठवण्यासाठी पाच स्तर केले. पॉझिटिव्हिटी दर 5 टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा 25 टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असतील, तर जिल्हा पहिल्या स्तरात, बाजार मोकळा. कल्पना वाईट नव्हती. पण ज्या दरावर दुकानांचे शटर अवलंबून, त्या दराचा छेद आपल्याच हातात होता. हजार चाचण्यांत शंभर बाधित म्हणजे 10 टक्के. धडधाकट माणसांच्या आणखी हजार अँटिजेन चाचण्या करा आणि समजा, त्यांत बाधित जवळपास सापडलेच नाहीत. दर 5च्या आसपास येतो, साथ मात्र जिथल्या तिथे. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. मुद्दाम करायची गरजच नव्हती, चाचण्या वाढवा हा तर वरूनच आलेला आग्रह होता. 25 जूनला सरकारने दुरुस्ती केली आणि स्तर ठरवताना फक्त आरटीपीसीआरचा दर धरा, असे सांगितले. पहिला आदेश काढताना टेबलाशी एखादा प्रयोगशाळेतला माणूस बसवला असता, तर हे तीन आठवडे वाचले असते.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. चाचणीविषयीच्या प्रत्येक आदेशावर त्याचे कारण छापले जावे, ते टंचाईचे आहे की शास्त्राचे. टंचाईचे असेल तर फेरविचाराची तारीख सोबत असावी. प्रत्येक पद्धतीच्या चाचण्या वेगळ्या मोजाव्यात आणि वेगळ्याच जाहीर व्हाव्यात. रिपोर्ट शासनाला आणि रुग्णाला एकाच वेळी जावा. मसुद्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. दुरुस्त्या आज संध्याकाळपर्यंत लेखी द्याव्यात, आणि जिल्हा रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांनी त्या अवश्य द्याव्यात, कारण हे आदेश राबवण्याचा भार सर्वांत जास्त त्यांच्यावरच पडला होता.